सर्व तीक्ष्ण कडा मोडाव्यात

कुठल्याही वस्तूच्या कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. हॉटेलातलं टेबल असो, पोस्टाच्या खिडकीची पट्टी असो, नाहीतर लग्नात समोर आलेलं स्टीलचं ताट असो, आधी अंगठा कडेवरून जातो आणि मग पुढचं काम. बायको म्हणते, "मला बघायला आला होतात तेव्हाही चहाच्या बशीवरून असाच अंगठा फिरवत होतात. मला वाटलं, बशीचा टवका उडालेला आहे, आता हे लग्न मोडतंय." बशी चांगली होती. लग्न झालं.

ही सवय पिंपरीच्या कंपनीने लावली. फिटर म्हणून मी लागलो तेव्हा आमचे उस्ताद जॉब, म्हणजे घडवलेला भाग, हातात घेतला की माप नंतर बघायचे. आधी शर्टाची बाही वर सारून हाताच्या आतल्या मऊ कातडीवरून जॉबची कड ओढायचे. ओरखडा उठला की जॉब परत. "कड मोडून आण," एवढंच म्हणायचे. पत्रा कापला किंवा भोक पाडलं की कडेला वस्तऱ्यासारखी धार राहते. कानशीच्या हलक्या हाताने ती बोथट करायची, म्हणजे कड मोडायची. पुढे ती वस्तू हाताळणाऱ्या माणसाचं बोट कापू नये म्हणून. प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात, कंपनीच्या चौकटीत, इंग्रजीत छापलेलंच असायचं की सर्व तीक्ष्ण कडा मोडाव्यात. ती ओळ आम्ही कुणी वाचत नसू. देवळाबाहेर 'चपला काढा' ही पाटी तरी कोण वाचतं? हात आपोआप चालायचा.

माझा स्वभाव मात्र कधी बोथट झाला नाही. नाकाच्या शेंड्यावर राग. त्या रागापायीच माझी भाऊंशी ओळख झाली.

ते वरच्या मजल्यावर ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये एका भोकाची जागा चुकली आणि माझे दोन दिवस पाण्यात गेले. मी तेलकट हातांनी ड्रॉइंग घेतलं आणि तडक जिना चढलो. खालची माणसं वर गेली तर दारात उभी राहायची, बोलावलं की आत जायची. मी आत शिरून त्यांच्या बोर्डावर ड्रॉइंग आपटलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी जाड चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, कागद नाकाजवळ नेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "चूक माझी आहे. तुमचा जॉब वाया गेला का?"

इतक्या वर्षांत वरून खाली 'चूक माझी' असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. उरलेला राग कुठे ठेवावा तेच कळेना. त्या आठवड्यात ते स्वतः खाली आले, माझ्या वाइसमध्ये आवळलेला जॉब बघितला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "राव, रविवारी काय करता?"

रविवारी सकाळी मी विहारात वंदनेला जायचो आणि दुपारी झोपायचो. त्या रविवारपासून माझी झोप गेली ती पुढचं वर्षभर.

कासारवाडीला रेल्वे रुळांच्या अलीकडे एका म्हातारीचा गोठा होता. अर्ध्या भागात तिच्या दोन म्हशी, अर्धा भाग यांनी भाड्याने घेतलेला. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडदा सारला तर समोर विमान. पंख भिंतीला टेकवून ठेवलेले, लाकडी सांगाडा, त्यावर कुठे कापड, कुठे ॲल्युमिनियमचा पत्रा, एकाच माणसाला बसायची जागा. मी आ वासून बघत राहिलो. म्हातारी दारात उभी होती. म्हणाली, "सात वरीस झालं ठोकत्यात. आमच्या म्हशींस्नीबी आता सवय झालीया. पर ह्ये उडतंय का न्हाई, त्ये काय सांगत न्हाईत."

तरुणपणी भाऊंनी इंजिन नसलेली ग्लायडर विमानं उडवली होती. मग लग्न, नोकरी, आईचं आजारपण, या सगळ्यात ते सुटलं. चाळिशी आल्यावर त्यांनी स्वतःच विमान बांधायला घेतलं. इंजिन एका अपघातग्रस्त विमानाच्या भंगारातून मिळालेलं होतं, हवेने थंड होणारं. ते त्यांनी समोर न लावता पाठीमागे, बसायच्या जागेच्या मागे लावलं. मी म्हटलं, "भाऊ, गाडं बैलाच्या पुढे कशाला?" त्यांनी सरळ सांगितलं. रक्तातली साखर त्यांचे डोळे खात चालली होती. दिसतंय तोवर समोर काही आडवं नको होतं. नुसतं आकाश हवं होतं.

विमान उडवायला डॉक्टरी दाखला लागतो. त्या वर्षी डॉक्टरांनी तो दिला, पण देताना सांगितलं की पुढच्या वर्षी मिळेल असं धरून चालू नका. म्हणजे हातात एक वर्ष होतं. त्यात विमान पुरं करायचं, विमान खात्याचा तपासनीस येऊन बघणार, त्याने सही केली की एकदा, निदान एकदा, वर जायचं. दुसऱ्या कुणाला ते उडवायला देण्यात त्यांना काडीचा रस नव्हता. वहिनी, त्यांची पत्नी, शाळेत शिकवायच्या. त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "भावजी, यांना एकदा उडू द्या. मग त्या गोठ्याला काडी मी स्वतः लावते." हसत म्हणाल्या, पण त्या रोज त्यांच्या डोळ्यांत औषध घालत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं.

माझ्या वाट्याला आली हवेची तोंडं. इंजिन मागे गेलं म्हणजे त्याला समोरून वारा मिळेना. म्हणून विमानाच्या दोन्ही कुशींत एकेक तोंड पाडून हवा आत घ्यायची. पण बाहेर नाकपुड्यांसारखं काही आलेलं त्यांना चालत नव्हतं, कारण त्याला वारा अडतो. तोंड पत्र्याच्या पातळीतच हवं. पत्र्यात भोक कापायचं ते आडव्या ठेवलेल्या सुरईच्या आकाराचं, पुढे मान अरुंद, मागे पोट रुंद. भोकाखाली एक तळ बसवायचा, पुढे पत्र्याला मिळालेला आणि मागे जाता जाता हळूहळू खोल होत गेलेला. दोन्ही बाजूंना वळणदार उभ्या भिंती. मला ते आधी पटलंच नाही. म्हटलं, "हवा काय पाणी आहे का, उतार दिसला की आत शिरायला?" ते म्हणाले, "शिरते. कडेवरून घरंगळते, पीळ घेते आणि खाली ओढली जाते." मी मान डोलावली. मला त्यातलं कडेवरून घरंगळणं काही कळलं नव्हतं, आणि कळलं नाही असं सांगायची माझी पद्धत नव्हती.

ड्रॉइंग त्यांनी फार सुरेख काढलं होतं. कागद ऑफिसातलाच, कोपरा फाटला म्हणून बाद झालेला. वर त्यांच्या हातची सुरई, प्रत्येक इंचाला माप, मागच्या ओठाला, म्हणजे भोकाच्या मागच्या कडेला, गोलाई. खाली कोपऱ्यात कंपनीची छापील चौकट तशीच.

मी कामाला लागलो. वळणाच्या भिंतींसाठी सागवानाचा साचा कोरला. ॲल्युमिनियम थंड असताना वाकवलं तर चिरतं, म्हणून त्यावर अंगाचा साबण चोळायचा आणि खालून आच द्यायची. साबण काळा पडला की आच थांबवायची. मग पत्रा भाकरीच्या पिठासारखा ऐकतो. लाकडी मोगरीने हळूहळू साच्यावर बसवायचा. पहिली भिंत चिरली. दुसरी वळली, पण तिच्यात पोक आला. मी मोगरी फेकली ती गोणपाट ओलांडून म्हशीच्या पाठीत बसली. म्हातारीने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भाऊ मात्र हसून हसून खाली बसले. त्या रविवारइतकं हसलेलं मी त्यांना पुढे कधी पाहिलं नाही.

दोन महिन्यांनी दोन्ही तोंडं बसली. भोकाची रेघ पेन्सिलच्या रेघेवर तंतोतंत. आणि मग, कुणी न सांगता, माझ्या हाताने त्याचं नेहमीचं काम केलं. बारीक कानस घेऊन मी दोन्ही सुरयांच्या कडा सगळीकडून मोडल्या. वरून पॉलिश पेपर मारला. हाताची आतली बाजू ओढून बघितली. ओरखडा नाही. उस्तादांनी शाबासकी दिली असती.

भाऊंनी डोळे मिटून त्यावर बोटं फिरवली. बारीक गोष्ट त्यांना तेव्हाही डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त कळायची. म्हणाले, "वा राव! लोणी आहे लोणी." त्यांची बोटंही कंपनीचीच होती. गुळगुळीत कड लागली की समाधान पावणारी.

विमान सुटं करून टेम्पोतून कुरुळीला नेलं. चाकणच्या बाजूला तेव्हा मोकळे माळ होते. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावरचे दगड आम्ही दोघांनी वेचून काढले. ठरल्या दिवशी सकाळी खात्याचा तपासनीस आला. शांत, सभ्य माणूस. प्रत्येक बोल्ट बघितला. माझ्या कामाकडे बघून म्हणाला, "हे कुणी केलं?" माझी छाती फुगली. मग म्हणाला, उडण्याआधी जमिनीवर वेगाने पळवून दाखवा, इंजिनाचं तापमान मला बघायचं आहे.

भाऊ आत बसले. वहिनी शाळेतून रजा काढून आल्या होत्या. पदराचं टोक मुठीत धरून उभ्या होत्या. विमान पळालं. काय पळालं! धूळ उडवत माळाच्या टोकापर्यंत गेलं, वळलं, परत आलं. मागची चाकं हलकी झालेली मला दिसली. तिसऱ्या फेरीला इंजिन बंद करून ते थांबले. तपासनीसाने वाकून काटा बघितला. काटा लाल पट्ट्यात गेला होता. अर्धा तास थांबून पुन्हा पळवलं. पुन्हा लाल. तपासनीसाने वहीत लिहिलं, हात मिळवला आणि म्हणाला, "इंजिनाला हवा पुरत नाही. तेवढं नीट करा आणि मला कळवा. मी पुन्हा येईन."

तेवढं नीट करायला आम्ही सहा महिने धडपडलो. मी छातीठोकपणे सांगत होतो, "भाऊ, भंगारातलं इंजिन आहे, दोष त्याचाच. तोंडं एकदम चोख आहेत." तेल बदललं. सिलिंडरभोवती पत्र्याचे आडोसे बसवले. मागे हवा बाहेर जायची वाट रुंद केली. काटा थोडा उतरायचा, पण लाल पट्टा काही सोडायचा नाही. त्यांनी तीनदा विचारलं, "राव, तोंडांचं काही असेल का?" मी दरवेळी उखडलो. एकदा तर म्हटलं, "माझ्या हातावर विश्वास नसेल तर दुसरा फिटर बघा." त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

मग दाखल्याची वेळ आली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. सोमवारी कॅन्टीनमध्ये चहा पिताना त्यांनी मला ते सांगितलं, शिफ्ट बदलली असं सांगावं तसं. मी म्हटलं, "दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ." ते म्हणाले, "राव, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत नाही. दुसऱ्या डॉक्टरला काय वेगळं दिसणार?" त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि चहा संपेपर्यंत तो तसाच राहू दिला.

विमान पुन्हा गोठ्यात आलं. मी जाणं कमी केलं. खोटं कशाला बोलू, मला तिथे जाववत नव्हतं. वर्ष दीड वर्ष गेलं असेल. एका रविवारी माझी मोगरी आणायला म्हणून गेलो. पडदा सारला तर भाऊ एकटेच विमानाच्या डाव्या कुशीला टेकून बसलेले. एव्हाना त्यांना जवळपास काही दिसत नव्हतं. एका हाताची बोटं कडेवर आणि दुसऱ्या हातात माझी बारीक कानस. माझी चाहूल लागताच त्यांनी कानस खाली ठेवली.

"काय करताय भाऊ?"

"काही नाही राव. हात रिकामा होता."

मी कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यातून रक्त आलं. सुरईच्या मानेपासून पोटापर्यंत त्यांनी एक बाजू घासून घासून वस्तऱ्यासारखी करून ठेवली होती. डोळ्याने अधू माणूस, कानस सरळ उभी धरून, किती दिवस घासत बसला असेल. मी काय केलं? मी त्यांच्यावर चिडलो. "अहो, ही काय दशा केलीत! म्हातारीचा हात लागला तर कापून निघेल." त्यांच्या पायाजवळची कानस उचलली आणि तिथेच बसून, त्यांच्यासमोर, ती कड पुन्हा मोडली. कानशीचा आवाज त्यांना ऐकू येत होता. मोडून झाल्यावर त्यांचं बोट धरून मी त्यावरून फिरवलं.

"आता?" मी विचारलं.

त्यांनी बोट हळूच मागे घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे राव." आणि म्हणाले, "चहा घेऊन जा, वहिनी घरी आहेत."

मी मोगरी घेऊन गेलो. चहाला थांबलो नाही.

सन ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात भाऊ गेले. साखरेने आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. तेराव्यानंतर काही दिवसांनी वहिनींचा निरोप आला. म्हातारीची मुलं गोठ्याची जागा वर्कशॉपला देणार होती, सामान हलवायचं होतं. विमानातलं जे जाईल ते भंगारवाल्याला गेलं. डाव्या कुशीचा पत्रा मी मागून घेतला. वहिनींनी ड्रॉइंगची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भावजी, घरी नेऊन उघडू नका. इथेच उघडा."

मी उघडली. तीच सुरई, तीच मापं. खाली कोपऱ्यात 'सर्व तीक्ष्ण कडा मोडाव्यात' ही छापील ओळ लाल शाईने खोडलेली होती. शेजारी वहिनींच्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "ही ओळ खोडायची राहिली. चूक माझी."

त्यांनीच मग सांगितलं. डोळे गेल्यावर त्या त्यांना जुनी कात्रणं वाचून दाखवायच्या. हवेच्या तोंडांवरचा एक परदेशी लेख निघाला. त्यात एक वाक्य होतं की दोन्ही बाजूंच्या कडा धारदारच हव्यात, धार असेल तरच हवा पीळ घेऊन आत जाते. मागचा ओठ तेवढा गोल. भाऊंनी ते वाक्य त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. हे त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. पण कंपनीच्या कागदावर काढताना छापील ओळ खोडायचं सुचलं नाही, आणि बोट फिरवताना गुळगुळीत लागलं ते बरं वाटलं. मग त्यांनी वहिनींना ड्रॉइंग बाहेर काढायला लावलं, ओळ खोडून घेतली आणि शेजारी ते शब्द लिहून घेतले.

"मला म्हणाले, त्याला सांगायचं नाही. नाहीतर तो पुन्हा कानस हातात धरायचा नाही," वहिनी म्हणाल्या. "मी कबूल केलं होतं. पण मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला माझा. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. आणि खरं सांगू? तुमचा थोडा रागही होता."

नुसत्या कडांपायी इंजिन तापलं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. जमिनीवर पळताना तशी तोंडं हवा कमीच ओढतात, हे मी नंतर वाचलं. इंजिन भंगारातलं होतं, हेही खरं. पण त्यांनी तीनदा विचारलं होतं, आणि मी तीनदा भांडलो. गोठ्यातल्या त्या रविवारी ते आंधळ्या बोटांनी माझं काम दुरुस्त करत होते, आणि मी ते त्यांच्यासमोर पुन्हा बिघडवलं, वर त्यांचं बोट धरून ते त्यांना दाखवलं. त्यांनी 'बरोबर आहे' म्हटलं. त्या 'बरोबर आहे'ची आठवण आली की आजही मला हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

पत्रा घरी आणून मी वाइसला लावला. कानस सरळ उभी धरून आतून घासायला घेतलं. मोडलेला भाग जेमतेम अर्धा मिलीमीटर होता. दुपारी जेवून बसलो, चहाच्या वेळेला दोन्ही बाजूंना धार आली होती.

तसाच पत्रा सायकलच्या कॅरियरला बांधून वहिनींकडे नेला. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी पत्रा समोर धरला. त्यांनी हात पुसला आणि कडेवरून बोट फिरवलं. झटकन मागे घेतलं. बोटावर रक्ताचा थेंब आला. त्या बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिल्या.

"एवढंच हवं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो वहिनी," मी म्हटलं. "एवढंच."